मुलीच्या ताटाला लिंबू नाही

ताटातली कलेजी बघूनच यारेलीला ओकारी आली. वरून करपलेली, आतून ओली, सुरी लावली की तांबूस पाणी सुटणारी. "आई, आज नको ना," ती म्हणाली. ओब्दुलियाने तिच्याकडे न बघता ताट पुढे सरकवलं.

चौदा वर्षांची पोर महिन्याभरात दोनदा शाळेत चक्कर येऊन पडली होती. रक्त आठवर आलं होतं. पुढच्या तपासणीपर्यंत वाढलं नाही तर कोलिमा शहरातल्या मोठ्या इस्पितळात दाखल करायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सासूबाईंचा, म्हणजे कान्दिदाबाईंचा उपाय चालू होता. रोज कलेजी, सोबत राजमा, वर कपभर कडक कॉफी, आणि दवाखान्यातली लोहाची गोळीही त्याच कॉफीबरोबर. लिंबाला मात्र हात लावायचा नाही. लिंबाने रक्ताचं पाणी होतं, पाळीच्या दिवसांत तर ते विषच, असं त्यांचं ठाम मत. आणि हे कुठे, तर मेक्सिकोतल्या लिंबांसाठी प्रसिद्ध तेकोमान गावात! ओब्दुलिया दिवसभर कारखान्यात लिंबंच निवडायची आणि घरच्या अंगणात झाडाखाली लिंबं कुजून त्यांवर चिलटं घोंगावायची.

त्या दुपारी नर्स आम्पारो गोळ्यांची चौकशी करायला आली. ताट पाहिलं, कॉफी पाहिली, सगळं ऐकून घेतलं. समोरच ओब्दुलियाचा नवरा फेर्मिन बिअर पीत बसला होता.

"ओब्दुलिया, हा घोटागणिक लिंबू चोखतोय," आम्पारो म्हणाली. "ह्याच्या रक्ताचं पाणी झालेलं दिसतंय का तुला?"

फेर्मिनने हातातली फोड हळूच खाली ठेवली.

मग तिने नीट समजावलं. राजम्यातलं लोह अंगी लागणं अवघड असतं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला मदत करतं आणि जेवणाबरोबरची कॉफी नेमकी आडवी येते. लिंबू काही औषध नाही, गोळी चालूच ठेवायची, फक्त कॉफीऐवजी पाण्याबरोबर, पण जेवताना ताजं लिंबू पिळायचं. कलेजीही वाईट नाही, पण पोर ती ओकून टाकत असेल तर उपयोग काय?

"आमच्या घरात कुठल्या बाईनं असलं केलं नाही," कान्दिदाबाई म्हणाल्या.

"आणि त्या बायकांची तब्येत कशी होती, आजी?"

"बाईमाणूस फिकटच असतं, पोरी."

किती सहज बोलल्या त्या! ओब्दुलियाला शिसारी आली. त्या वाक्याची आली, आणि त्याहून जास्त स्वतःची. तिने यारेलीच्या ताटातला गार झालेला तुकडा तोंडात घातला आणि तसाच थुंकला. "शी! हे मी रोज लेकीच्या तोंडात कोंबत होते!"

ती अंगणात गेली, लिंबू तोडून आणलं आणि यारेलीच्या राजम्यावर पिळलं. उरलेली फोड सासूच्या डोळ्यांदेखत स्वतः चोखली. तिची पाळी चालू होती, आणि ते कान्दिदाबाईंना ठाऊक होतं. त्या तोंड फिरवून बसल्या.

पुढच्या तपासणीत रक्त साडेनऊवर आलं. इस्पितळ टळलं. कान्दिदाबाई स्वतः अजून लिंबू चोखत नाहीत, पण नातीच्या ताटात फोड नसली तर "लिंबू कुठंय?" म्हणून त्याच ओरडतात.

मंडळी, आपापल्या घरात जरा बघा. जी गोष्ट बाप्यांना खुशाल चालते आणि लेकीसुनांनाच वर्ज्य असते, त्या बंदीची आधी चौकशी करा. आपल्या पोरी जन्मतः फिकट नसतात, आपणच त्यांना तसं ठेवतो.