राजनंदिनीच्या चांदण्या

टॅबच्या काचेवर आंब्याचं चित्र होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘फळ’ असं लिहिलेलं होतं. राजनंदिनीने दोन्हीकडे नीट बघून घेतलं आणि ठणकावून सांगितलं, “आंबा.”

वर्गात कुणी हसलं नाही, कारण बाकीच्या पोरांनाही तो आंबाच वाटत होता. खुर्चीत बसलेल्या केंद्रप्रमुख शिरसाट साहेबांनी मात्र चष्मा वर सरकवला. वाचनाच्या ॲपवर सगळ्या केंद्रात पहिली आलेली दुसरीची मुलगी बघायला ते मुद्दाम दिंद्रुडहून कच्च्या रस्त्याने या वस्तीवर आले होते. रोज घरच्या फोनवर येणारा धडा बरोबर वाचला की ॲप एक चांदणी द्यायचं आणि राजनंदिनीच्या नावापुढे चांदण्यांची रांगच्या रांग लागली होती. साहेबांनी काचेवर बोट फिरवून पुढचं पान काढलं. विहिरीच्या चित्राखाली ‘पाणी’ लिहिलेलं होतं.

“हीर,” राजनंदिनी म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या सत्यशीलाबाईंचे कान तापले. पहिली-दुसरीचा वर्ग त्यांचा होता. साहेब तसे भले गृहस्थ. पोरांच्या माघारी, व्हरांड्यात आल्यावर, ते फक्त म्हणाले की काहीतरी घोळ आहे, शनिवारपर्यंत निस्तरा, आणि चहाला नको म्हणून निघून गेले.

शाळेत शिक्षक दोनच. दुसरे हेडमास्तर शहादेव सर. त्यांना यात घाबरण्यासारखं काही दिसेना. पोरगी साहेबांना बघून बावरली असं कळवून टाकू, ते म्हणाले. “बाई, चांदण्या काय आपण चिकटवल्यात का? फोननंच दिल्यात. राहू द्या की.”

पण बाईंना ठाऊक होतं. राजनंदिनी वर्गातही चित्रंच वाचायची. ती शाळेत बुजते आणि घरी फोनपुढे खुलते, असं बाईंनी आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं. शाळा सुटल्यावर त्या रिकाम्या वर्गात बसल्या आणि टॅबवर राजनंदिनीच्या नावावर टिचकी मारली. मूल धडा मोठ्याने वाचतं त्याचा आवाज ॲपमध्ये साठून राहतो. तो ऐकायची बाईंना आजवर गरज वाटली नव्हती. चांदण्या दिसत होत्या, तेवढं पुरे होतं.

आधी ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. मग कुणीतरी खाकरलं आणि एका मोठ्या बाईचा आवाज अक्षर अक्षर चाचपत पुढे सरकू लागला. “क-मल... घर झा-ड.” मागून दुसरी कुणी म्हणाली, “सुनिते, भाकर करपायली बघ. लई मोठी कलेक्टर व्हायलीस.” बायका हसल्या.

“करपू दे,” वाचणारी म्हणाली आणि पुन्हा ‘घर’पासून सुरुवात केली.

सुनिता म्हणजे राजनंदिनीची आई.

बाईंच्या सगळं ध्यानात आलं. जूनमध्ये नावं भरताना प्रत्येक मुलाच्या नावापुढे घरातला एक फोन नंबर टाकला होता. तेव्हा आईबाप घरी होते, धडे मात्र दिवाळीनंतर यायला लागले. दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली आणि सुनिता नवऱ्याबरोबर ऊसतोडीला सांगलीकडे गेली. पोरगी आजीजवळ राहिली, फोन आईबरोबर गेला. राजनंदिनीचा धडा रोज सकाळी उसाच्या फडात उतरत होता, आणि यादीत तिचं नाव उजळत होतं म्हणून कुणाला शंका आली नव्हती.

चूक सापडली होती, तरी बाई उठल्या नाहीत. त्यांनी दिवाळीपासूनचं वाचन ओळीने ऐकायला घेतलं. सुरुवातीला नुसती अक्षरं होती. पहिलीच्या पोरांसारखाच सुनिताचा ‘ब’ आणि ‘व’मध्ये गोंधळ व्हायचा. मग काना आला, वेलांटी आली. पुढे पुढे तर ती विरामचिन्हाशी थांबायलाही लागली होती. या वस्तीवर आल्यापासून बाई दरवर्षी दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा झालेला बघत होत्या. आईबापांबरोबर गेलेल्या मुलींतल्या काही उन्हाळ्यात परतायच्या, काही परतायच्याच नाहीत. तशाच मुलींतली एक, आता आई झालेली, आज फडातून वाचत होती, आणि ते शिकवणं बाईंनी केलेलं नव्हतं. त्यांना आनंद झाला आणि थोडं चोरट्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या राजनंदिनीच्या घरी गेल्या. आजी, जानकीबाई, अंगणात तूर पाखडत होती. बाईंनी समजावून सांगितलं तशी तिने सूप खाली ठेवलं.

“म्हंजी सुनी शाळा शिकायलीय व्हय?” ती म्हणाली. “पोरीच्या फोनवर?”

“तिच्या फोनवर. पण धडे पोरीचे.”

“मग पोरीला कावून न्हाई येत धडे?”

याचं उत्तर सोपं होतं. घरात फोन नव्हता म्हणून. पण तेवढ्यात जानकीबाईचा धाकटा मुलगा भारत केजहून आला. तिथे तो चाँदभाईंच्या गॅरेजवर कामाला होता. त्याने खिशातून फोन काढून बाईंपुढे धरला. रोज संध्याकाळी आल्या आल्या राजनंदिनी फोन ओढून घेते आणि कार्टून बघत बसते, त्यापरीस हे बरं, तो म्हणाला. “माजा नंबर टाका, बाई. पण बघून टाका, पोरगी माज्या गेमातली गाडी इकून खाईल.”

आता अडचण उरली नव्हती, आणि अडचण तीच होती. ॲपमध्ये एका मुलाला एकच नंबर. भारतचा टाकला की सुनिताचा बंद होणार, चांदण्या पुसून धडे पहिल्यापासून सुरू होणार. बाई ‘बघते’ म्हणाल्या आणि दिंद्रुडच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. वाटेत त्यांनी मनातल्या मनात शहादेव सरांचं म्हणणं दोन-तीनदा घोळवून बघितलं. राहू द्या की. साखर कारखाने बंद होऊन सुनिता परतायला असे कितीक दिवस राहिलेत? पण दुसरीचं वर्षही तेवढंच राहिलं होतं.

शुक्रवारी वर्गात त्यांनी राजनंदिनीला जवळ बोलावलं आणि पुस्तकातलं एक पान उघडलं. वरच्या चित्रावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, आता वाच.

राजनंदिनीने त्यांच्या बांगड्यांकडे बघितलं. “बाई, हात काडा की,” ती म्हणाली. “मी वाचू कसं?”

त्या संध्याकाळी बाईंनी सुनिताला फोन लावला. फडाजवळच्या पाचटाच्या कोपीवर स्वयंपाकाची वेळ असणार होती. सुनिताने पहिलंच विचारलं ते पोरगी बरी आहे ना म्हणून. “बरी आहे,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी काय घडलं ते सांगितलं. रागावल्या नाहीत, पण शब्द जुळवून जुळवून बोलल्या.

“पोरीचं हाय ते ठावं हुतं मला,” सुनिता हळू म्हणाली. “आदी वाटलं, आपल्याला आलं तर घरी गेल्यावर तिला धडा इचारता यील. मग निस्तं वाचावं वाटाया लागलं.”

“ते चुकीचं नाही गं.”

“तिला वाचाया येत न्हाई?”

“येईल. रोज सराव पाहिजे.”

“मग बदला बाई. उद्याच बदला.” तिने ते इतक्या लगेच म्हटलं की बाईंनी मनाशी तयार केलेली पुढची दोन वाक्यं वायाच गेली. पलीकडे भांडं वाजलं, कुणाला तरी सुनिता ‘थांब गं’ म्हणाली. मग परत फोनजवळ आली. “एक इचारू का? त्या कोंबडीचं काय झालं?”

“कुठली कोंबडी?”

“ती बाजाराला निघती ती. वढ्यापाशी आली, वढ्याला पाणी. हितंच संपला धडा, फोन म्हनला उद्या. आमच्या टोळीतल्या बाया सकाळधरनं इचारत्यात. अकबरीभाभी म्हनती उडून जाईल. मी म्हनलं, लई दम हाय व्हय तिच्या पंखात?”

बाई हसल्या. गोष्ट त्यांना आठवली. “अगं, ती काय करते, काठावर—”

“सांगू नका,” सुनिता म्हणाली. मग आवाज खाली आणून, “लिवून धाडा. मी वाचीन.”

शनिवारी सकाळच्या शाळेला बाई पोरांच्या आधी पोचल्या. टॅबवर त्यांनी भारतचा नंबर भरला. जुना नंबर काढायचा का, असं ॲपने विचारलं. त्यांनी ‘हो’वर बोट ठेवलं. चांदण्यांची रांग गेली आणि राजनंदिनीच्या नावापुढे पहिला धडा उभा राहिला. मग त्यांनी खडू घेतला आणि फळाभर मोठ्या, सुट्या अक्षरांत ओढ्यापासून पुढची गोष्ट लिहिली. चित्र काढलं नाही. फोटो काढून सुनिताला पाठवला आणि प्रार्थनेची घंटा दिली.

दुपारी परतीच्या जीपमध्ये फोन वाजला. सुनिताचा आवाजातला निरोप होता. जीप खच्चून भरलेली होती. बाईंनी तो तिथे उघडला नाही. दिंद्रुडला उतरून, फळांच्या गाड्यांपासून जरा बाजूला एका कडुलिंबाखाली जाऊन त्यांनी फोन कानाला लावला.

उसावर कोयते पडल्याचे आवाज येत होते. बायकांचा गलका होता, तो मागे पडला. सुनिता वाचू लागली. “कोंबडी का-ठावर बसली. तिनं पा-ण्या-कडं बघितलं. मग ती...” इथे अवघड जोडाक्षर होतं. ती अडली. “मग ती म्ह...” परत अडली. मागून कुणी काही सांगू बघत होती, तिला तिने गप्प केलं.

बाईंच्या ओठांवर तो शब्द आला होता. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि फोन कानाला धरून, कोयत्यांचे आवाज ऐकत, त्या लिंबाखाली थांबून राहिल्या.