कासेवरचे वण

१९७४ सालचा तो वसंत. अल्जीरियाच्या उंच पठारावर झरगा विहिरीपाशी गुरुवारी अशी गर्दी लोटली, की धुळीत माणूस कुठला आणि मेंढरू कुठलं, ते कळेना. मेंढरांना देवी आल्या होत्या. अंगात ताप, डोळ्यांतून पाणी, ओठांवर, काखेत बोराएवढ्या गाठी. कोकरं तर पटापट मरत होती. आणि आज त्यावर उतारा घेऊन सी लखदर नावाचा बाबा आला होता.

हिरवा झगा, सुरमा घातलेले डोळे आणि मागे बारा धष्टपुष्ट मेंढ्या.

"दहा दिवस माझी ही लेकरं आजारी कळपात राहिली!" तो गर्जला. "एक तरी शिंकली का? यांचं दूध कळपावर शिंपडा, रोग वळूनसुद्धा बघणार नाही. मोबदला? छे, छे! कळपामागे एक तरणी मेंढी, बस. तीसुद्धा मी नाही घेत, पुण्याई घेते!"

"पुण्याईला भूक बरीच दिसते," हद्दा पुटपुटली.

हद्दा विधवा होती. तीस मेंढ्या, हाच तिचा संसार. टेकडीपलीकडच्या वाड्यात त्या अजून धडधाकट होत्या. शनिवारी लस येतेय, तोवर कळप हलवू नका, असं जनावरांचे डॉक्टर बेलखीर घसा फोडून सांगत होते. पण धाकटा दीर मेब्रूक तिच्या मागेच लागला होता.

"वहिनी, डॉक्टरची लस शनिवारी, यांचं दूध आत्ता. हट्ट सोड. दुपारी आणू तुझा कळप."

तीसच्या तीस मेल्या तर? हद्दाचं मन डळमळलं. आणू म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलंही होतं.

तेवढ्यात लखदरने विचारलं, "दूध काढायला कुणी बाई आहे का?"

पुरुष आपापल्या चपला न्याहाळू लागले. आमच्याकडे मेंढी राखायची पुरुषाने, पिळायची बाईने. हद्दा भांडं घेऊन पुढे झाली. रिवाजाप्रमाणे मेंढ्या तोंडाला तोंड लावून एका दोरीत ओवल्या होत्या, माना आत, पाठी बाहेर. ती पहिलीच्या मागे बसली, शेपूट बाजूला सारलं आणि थबकली. कासेवर, शेपटीखाली मसुराएवढे गोल, गुळगुळीत, पांढुरके खड्डे. दुसरीला तेच. तिसरीलाही. लहानपणी वडिलांच्या कळपातल्या मेंढ्यांना असेच होते. 'या वाचल्या, यांना आता पुन्हा नाही येत,' ते म्हणायचे.

"सी लखदर, यांना देवी कधीच आल्या नाहीत?"

"जन्मात नाही, बाई!"

"मग हे काय, गारा पडल्या शेपटीखाली?"

गर्दीत खसखस पिकली.

"मेब्रूक भावजी, तोंडं काय बघत बसलात? जरा मागे या!"

सगळे मागे आले. डॉक्टरांनी गुडघे टेकून बाराही मेंढ्या तपासल्या.

"जुने वण आहेत. यांना देवी मागेच येऊन गेल्या. त्यातून वाचलेल्या मेंढीला हा रोग सहसा पुन्हा धरत नाही. हा चमत्कार तिच्या रक्ताचा, झग्याचा नव्हे! आणि तुम्ही काय केलंत? नऊ कळप, आजारी न् धडधाकट, एकाच हौदावर पाजलेत. प्रसाद म्हणून रोगच घरी नेताय."

"हे वण सैतानाने काढले!" लखदर ओरडला.

"काढले असतील," हद्दा म्हणाली. "दूध कधी काढलं नसेल बिचाऱ्याने, म्हणून सापडला."

मग कळप वेगळे झाले, प्रत्येकाचं पाणी वेगळं. मेलेली जनावरं चुना घालून पुरली. शनिवारी धडधाकट कळपांना लस टोचली आणि ती अंगी लागेपर्यंत तीन आठवडे कुणाचा कळप कुणाच्या वाटेला गेला नाही. हद्दाच्या तीसही जगल्या. त्या दिवशी विहिरीवर कळप नेलेल्या मेब्रूकची मात्र अठरा कोकरं गेली.

लखदर पुढे दूरच्या बाजारात दात उपटायला बसला. तिथे निदान पुरावा हातात मिळायचा. बेलखीर डॉक्टर निवृत्त होईपर्यंत हद्दा त्यांना दर वसंतात लोणी पाठवायची. मेब्रूक मरेपर्यंत शेपूट उचलल्याशिवाय मेंढी विकत घेत नसे. लोक हसायचे, तो हसू द्यायचा. हद्दा ऐंशी पार करून गेली. विहिरीवर आता पंप बसलाय.

चमत्कार करणारे अजूनही येतात, झगे तेवढे बदललेत. कुणी आलाच, तर समोर हात जोडून उभे राहू नका. एकदा मागच्या बाजूने फेरी मारून या.