वेढे मोजणारा कॅलक्युलेटर

“तुह्या सासऱ्यायचं तोंड मोजण्यात गुंतलं हाय, थेच बरं हाय वं पोरी. मोकळं करशीन तं तूच पस्तावशीन,” जाईबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या होत्या. पोरीला शिंक आली तरी दवाखाना उघडा आहे का बघणाऱ्या रश्मीने सासूबाईंचा नेमका हाच इशारा कानाआड केला. “आई, तुम्ही पण ना!” म्हणाली आणि पेचकस शोधायला लागली.

तिला घाई होती. अकोटच्या बसस्टँडमागे, घराच्या पुढच्याच खोलीत, तिच्या सासऱ्यांचं, किसनरावांचं, जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. उजव्या हाताने दांडी फिरवायची, डाव्याने तांब्याची तार सारखी करायची आणि तोंडाने वेढे मोजायचे. मध्येच कोणी बोललं की आकडा गेला. मग सगळी तार उलगडा आणि पुन्हा एकपासून. रश्मीच्या अडीच वर्षांच्या लेकीला, मैत्रीला, तर खेळच सापडला होता. उंबऱ्यातून “आबा!” ओरडायचं आणि पळायचं.

पण आता त्यांचा खांदा दुखायला लागला होता. त्यातच वेढे कमी पडलेली एक मोटार तापून परत आली. किसनराव जेवता जेवता म्हणाले, “दिवाईले शटर पाडतो बापा. झालं आता.”

रश्मीला काळजी लागली. दुकानाशिवाय हा माणूस करणार काय?

अमरावतीला बीएस्सी करताना घेतलेला कॅलक्युलेटर तिने ट्रंकेतून काढला. शेजारच्या सुभद्राबाईंच्या बिघडलेल्या शिलाई मशीनची मोटार आणि पायाने दाबायचं पेडल मागून आणलं. फुटक्या स्पीकरचं चुंबक तार गुंडाळायच्या चाकाला चिकटवलं. कॅलक्युलेटरवर ‘शून्य अधिक एक’ मांडलं आणि त्याच्या ‘बरोबर’च्या बटणाला एक छोटा स्विच जोडला. चाक एकदा फिरलं की चुंबक त्या स्विचजवळून जाई, बटण दाबल्यासारखं होई आणि आकडा एकाने वाढे. मोटारीवरून चाकावर जाणारा पट्टा सायकलच्या ट्यूबचा. त्यात मैत्रीचं बोट जाईल म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून झाकण केलं. पत्र्याची धार लागेल म्हणून तिच्यावर चिरलेला पाइप बसवला.

“कालेजात हेच शिकोलं काय तुले?” किसनराव म्हणाले. “शिलाई मशीन मोटार भरीन, अन् मी काय झंपर शिवू?”

पहिल्याच फेरीत पट्टा सुटला तो थेट जाईबाईंच्या सुपात. सासरे पोट धरून हसले. रश्मीने पट्टा बोटभर आखूड केला आणि पेडल त्यांच्या पायाखाली सरकवलं.

चाक फिरलं. तार गुंडाळायला लागली. सवयीने त्यांचे ओठ हलतच होते.

“बाबा, बोला ना काहीतरी.”

“आकडा जाईन.”

“नाही जात. बोला.”

तेवढ्यात उंबऱ्यातून हाक आली, “आबा!”

किसनरावांनी जीव मुठीत धरून विचारलं, “काय वं माय?”

आकडा वाढतच होता. त्यांनी कॅलक्युलेटरकडे पाहिलं, मग नातीकडे. “काय वं माय? काय पायजे तुले?” आणि जे सुरू झाले! पहिली मोटार कोणाची भरली, उस्तादाने कान कसा पिळला, लग्नात नवरीलाच झोप कशी लागली.

“माहीच झोप सापडली सांगाले?” जाईबाई सूप आपटत आल्या. “म्या म्हटलं होतं! लग्नाआधी असाच होता हा माणूस. तवा मोजत नोता ना!” बोलताना त्यांचे डोळे मात्र हसत होते.

दिवाळीला शटर पडलं नाही, त्याला निळा रंग लागला. खांद्याचं दुखणं उतरलं, जीभ चढली. आता गावातले दुसरे कारागीरही असलं यंत्र मागतात, म्हणून किसनराव भंगार शोधायला एसटीने अमरावतीला जातात. फोन घरीच विसरतात. परवा तर शेजारच्या प्रवाशाशी बोलता बोलता अकोट मागे टाकून तेल्हाऱ्याला पोचले. इकडे रश्मीने बसस्टँडच्या चकरा मारून चपला झिजवल्या.

तेव्हा तुम्ही कधी अमरावतीहून त्या तेल्हाऱ्याच्या बसने येत असाल आणि मांडीवर तारांची पिशवी घेऊन कोणी आजोबा रंगात आलेले दिसले, तर एवढं करा. अंजनगाव गेलं की त्यांना मध्येच थांबवून विचारा, “आबा, अकोटला उतरायचं आहे ना?” काही बिघडत नाही, आता त्यांचा आकडा जात नाही.