फर्गलचा निकाल, माझा निकाल

फर्गल आयर्लंडात नगरसेवक होता. २००४ मध्ये निवडणुकीत पडला आणि मेव्हण्याच्या ओळखीनं अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आमच्या इन्शुरन्स कंपनीत, माझ्या शेजारच्या टेबलाला येऊन बसला. म्हटलं चला, आपल्यालाही कोणीतरी पडेल माणूस सोबतीला मिळाला. पण कसलं काय. महिन्याभरात ऑफिसच्या गार्डच्या तिन्ही मुलींची नावं त्याला पाठ. मी सहा वर्षांत गार्डचंही नाव विचारलं नव्हतं.

गणपतीला त्याला महाराष्ट्र मंडळात मीच घेऊन गेलो, हा माझा गाढवपणा. मंडळाचं अध्यक्षपद मला हवं होतं. नागपूरला कॉलेजात निवडणूक हरलो होतो, ते अजून सलत होतं. आणि इथं सगळी मंडळी याच्याभोवती. मंडळातल्या मनोहरकाकांच्या सुवर्णाकाकू वारल्या, तेव्हा हा एकदाच भेटलेला माणूस काकांकडे सलग तीन दिवस गेला. खुर्च्या लावल्या, कप विसळले. मला म्हणाला, "प्रताप, आमच्याकडे मत मागण्याआधी माणसाच्या दुःखात जातात." मी काकांना ई-कार्ड पाठवलं होतं. चांगलं होतं, त्यात फुलंबिलं हलत होती.

"शिका काहीतरी त्याच्याकडून," माझी बायको शैलजा म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

२००६ला तो परत गेला आणि पुढच्या मे महिन्यात थेट संसदेसाठी उभा राहिला. त्याच महिन्यात मी मंडळासाठी. एकूण ब्याण्णव मतं पडली, त्यातली मला अकरा. माझ्याविरुद्ध उभी असलेली पद्मिनी निवडून आली. मोजणी संपल्यावर मनोहरकाका म्हणाले, "फर्गल उभा असता ना, मराठी येत नसतानाही बिनविरोध आला असता." मी हसलो. दुसरं काय करणार, बाप्पा.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी नेटवर त्याचा निकाल पाहिला. एकशेतीस मतांनी पडला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. शैलजाला जेवणात श्रीखंड काढायला लावलं.

वाटी संपायच्या आत फोन वाजला. फर्गलच.

"पडलो, यार," तो म्हणाला. यार त्याला मीच शिकवलेला. "ते सोड. तुझं इलेक्शन गेल्या रविवारी होतं ना? काय झालं?"

स्वतः पडलेल्या दिवशी माझी तारीख याच्या लक्षात. माझ्या तोंडून निघून गेलं, "जिंकलो."

त्यानं फोनपासून तोंड वळवून मोठ्यानं सांगितलं, "शॉमबर्गचा माझा मित्र निवडून आला." मागे टाळ्या, शिट्ट्या. पन्नासेक माणसं तरी असतील त्या घरात. एक म्हातारी फोनवर आली आणि देव तुझं भलं करो म्हणाली. मी थँक यू म्हटलं.

शैलजा समोरच बसली होती. ती उठून वाट्या उचलायला लागली. इकडे टेबलाला आम्ही दोघंच. खरं सांगतो, तो जिंकला असता तर मी इतका जळलो नसतो.