चकोटची कात्री आणि सात कुंड्या

(चिठ्ठी. शिलाईच्या दुकानाच्या दारावर, टाचणीने.)

ताई, तुमच्या कुंड्यांमुळे माझ्या सलूनमध्ये लसणाचा वास येतो. गिऱ्हाइकं तुटतायत. कुंड्या हलवा. – शेजारचा

(तीच चिठ्ठी. मागची बाजू. कापडावर खुणा करायच्या खडूने.)

माझा रानलसूण शोभेचा आहे. शोभेसारखा वागतो. तुम्हीही वागा. – शेजारची

शेजारची म्हणजे मावशी. ब्लाउजपासून पडद्यापर्यंत सगळं शिवते. शेजारचा म्हणजे चकोट, स्वतःच्या डोक्यावर एक केस नसलेला न्हावी. दोन दुकानांना मिळून पायरी एकच, आणि ऊन येतं ते फक्त त्या पायरीवर. म्हणून मावशीच्या सातही कुंड्या तिथेच.

बहिणीने रुमालात बांधून दिलेले मूठभर कंद. मावशीने त्यांना तीन वर्षं लाडावलं. निम्मी वाळू, निम्मी माती. बोट खुपसून कोरडं लागल्याशिवाय पाणी नाही. गड्डे दाटले की हलक्या हाताने सोडवून दुसऱ्या कुंडीत. दोन वर्षं नुसती पानं आली, लांब, चपटी, हिरव्या फितीसारखी. यंदा पहिल्यांदाच मधून दांड्या वर आल्या, आणि टोकाला जांभळट कळ्यांचे झुबके. आता कुंड्या सावलीत गेल्या तर कळ्या उमलायच्या आधीच सुकणार.

सलूनमधून निवृत्त मास्तर बाहेर आले.

"काल इथे केस कापून घरी गेलो," ते म्हणाले. "बायको कानात काहीतरी सांगायला आली आणि तशीच मागे सरली."

"काय सांगायचं होतं?" मावशीने विचारलं.

"ते अजून कळलेलं नाही."

चकोटने दोन्ही दुकानांच्या मालकीणबाईंना फोन लावला. त्यांचा निरोप आला: शुक्रवारी केस कापायला येते. वास आला, तर कुंड्या त्याच दिवशी मागच्या अंधाऱ्या बोळात.

आता हे झाड मुळात भिडस्त. आपणहून वास सोडत नाही. पान चुरगळलं, तुटलं, कुणी दुखावलं, तरच. मग दुखावतंय कोण? मावशीने मांजरावर संशय घेतला. गोगलगायीवर घेतला. मंगळवारी चष्मा लावून पायरीवर फतकल मारून बसली, आणि पाहिलं.

पानांची टोकं कापलेली. सगळी एका रेषेत.

गोगलगाय एका रेषेत खात नाही.

या पायरीवर कात्र्या दोघांकडेच. पण मावशीच्या कात्रीने कापडाशिवाय काही कापलं तर तिच्या आईने हात कलम केला असता. आई जाऊन वीस वर्षं झाली, तरी मावशी त्या कात्रीने साधा कागदसुद्धा कापत नाही.

बुधवारी मावशी माप घ्यायच्या खोलीत पडद्याआड उभी राहिली. धारवाला आला, चकोटच्या कात्र्यांना धार लावून गेला. चकोट पायरीवर आला. फोनवर मेहुण्याशी बोलत होता. बोलता बोलता पानांची एक बट दोन बोटांत चिमटीत धरली, जशी गिऱ्हाइकाची धरतो तशी, आणि कच. कात्री एप्रनला पुसली. आत गेला. त्याचं त्यालाही कळलं नाही.

मावशी तोंडात सुई धरून हसली, म्हणजे जेमतेमच हसली.

सांगायचं? छे. सांगितलं तर तो म्हणणार, मी नाही त्यातला.

शुक्रवार. मालकीणबाई खुर्चीत बसल्या, गळ्याभोवती कापड. मावशी दारात, हातात उसवलेली बाही.

"भाऊ, बाईंचे केस दाट आहेत हो. धार आहे ना कात्रीला?"

"परवाच लावलीय, ताई."

"धारवाल्यांचं काही खरं नसतं."

एवढं पुरलं. चकोट धार बघायला कात्री घेऊन दाराबाहेर आला. मालकीणबाईंनी आरशात पाहिलं. आरशात पायरी स्वच्छ दिसत होती. चकोटने वाकून बट चिमटीत धरली. आणि मावशीने पाहिलं: त्या बटेत कळ्यांची दांडी होती.

ओरडावं, तर चोर निसटतो. गप्प बसावं, तर तीन वर्षं जातात.

"भाऊ," मावशी अगदी गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाली, "मधली दांडी सोडून."

"बरं," चकोट म्हणाला. करंगळीने दांडी अलगद बाजूला सारली. कच.

चकोटने कात्रीकडे पाहिलं. पानांकडे पाहिलं. मग कात्री नाकाशी नेली, आणि त्याचं टक्कल कानापासून वरपर्यंत लाल झालं.

"ती इकडे आणा," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी हुंगलं. "हिने माझे केस कापणार होतात?"

"सवय हो, बाई. केसासारखं कापलं जातं. हाताला बरं वाटतं."

"कुंड्या इथेच राहतील. कात्री साबणाने धुवा. दोनदा."

चकोटने तीनदा धुतली. रविवारी पहिला झुबका उमलला, जांभळ्या चांदण्यांचा, आणि मास्तर बायकोला दाखवायला घेऊन आले. चकोट दारात घुटमळत होता.

"ताई, एक विचारू? रागावू नका. कट कसा झालाय?"

मावशी चष्मा वर सारून वाकली. पुष्कळ वेळ पाहत राहिली. तीही हाताने काम करणारी बाई; खोटं बोलवेना.

"डावीकडे जरा लांब राहिलाय."

(चिठ्ठी. सोमवार. त्याच दारावर.)

ताई, डावी बाजू सारखी करून देऊ का? पैसे नकोत. – शेजारचा

(मागची बाजू. खडूने.)

हात तर लावून बघा.