दोन नळ्यांची वाटणी

हरिश्चंद्राच्या लेकीचा, मथुरेचा साखरपुडा झाला ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. लग्न वैशाखात धरलं होतं आणि लग्नाचा तांदूळ अजून व्हाळाकाठच्या, ओढ्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेतात त्या वायंगणी शेतात उभा होता. फाल्गुन लागता लागता त्या शेतात डुक्कर शिरू लागला. कळप नव्हे, एकटाच, मोठ्या सुळ्यांचा. खायचा थोडं, लोळून चिखल करायचा फार. बांधापलीकडचं लवूचं शेतही त्याने तसंच नासवलं. लवू हा हरिश्चंद्राचा धाकटा भाऊ. बांधाला बांध लागून होता, पण दोघांचं बोलणं कामापुरतं.

बाप शिवा वारल्यावर दोघांनी सगळं वाटून घेतलं. शेत, फणस, विहिरीचं पाणीसुद्धा. राहिली बंदूक. सावंतवाडीतल्या कुणा शिकाऱ्याने टाकून दिलेली जुनी जोडनळी शिवाने स्वस्तात आणली होती. ती काही चिरून देता येईना. तेव्हा पंचांनी ठरवलं, उजवी नळी थोरल्याची, डावी धाकट्याची. बंदूक आणि परवाना थोरल्याकडे. डुकराच्या अंगात ज्याची गोळी निघेल, मुंडीचा मान त्याच्या अंगणात.

छर्र्यांनी असला डुक्कर मरत नाही. म्हणून काडतुसाचं तोंड उघडून छर्रे काढायचे, शिशाची एकच गोल गोळी बसवायची आणि वर मेण ओतायचं. हरिश्चंद्राची गोळी मोठी. लवूची बारीक, कारण डाव्या नळीचं तोंड आवळलेलं. शिवा पुन्हा पुन्हा सांगायचा, "गोळी आधी नळीच्या तोंडात सोडून बघा. खडखडत खाली गेली तर बरी. तोंडारच रवली, तर ती घालू नका. नळी फुटतली, हात जातलो."

होळीच्या आदल्या दिवशी गावाची पारध असायची. त्या सकाळी हरिश्चंद्राला थंडी भरून आली. लवू दारात येऊन उभा राहिला.

"दादा, बंदूक दी. आज मी बसतंय."

"दोनय नळयेत काडतुसां घातलंय. उघडत बसू नको, बिजागरी ढिली आसा."

"माजां काडतूस डाव्येत घातलंस मां?"

"घातलंय."

"मगे यंदाय मुंडी माज्या खळ्यात," लवू हसला. "तू पेज पिऊन निज."

थोड्या वेळाने चव्हाट्यावर गावचा मानकरी धोंडू गावकर देवाला गाऱ्हाणं घालताना ऐकू आला. "बा देवा म्हाराजा, तुजी लेकरां पारधीक निघाली आसत. भावाभावाचा काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा." सगळे एकदम म्हणाले, "व्हय म्हाराजा." कांबळ्याखाली हरिश्चंद्राचे ओठ मात्र हलले नाहीत.

तुळसा, त्याची बायको, घामाने भिजलेलं अंथरूण बदलायला आली. उशी उचलली आणि थांबली.

"ओ, ह्यां काडतूस कोणाचां? तुमच्या काडतुसांका पांढरां मेण. ह्येका मोवाच्या पोळ्याचां काळां मेण आसा."

"ठेय थंयच."

"लवूभावजींचां मां ह्यां? मगे डाव्या नळयेत काय घातलास?"

होळीला मथुरेचे सासरचे यायचे होते. मुंडी आपल्याच अंगणात यावी म्हणून त्याने दोन्ही नळ्यांत आपलीच काडतुसं घातली होती. कुठलीही सुटली तरी गोळी आपली, एवढाच विचार. उजवी नळी त्याची, तिला त्याची गोळी कधी अडली नव्हती. डावीचं तोंड त्याच्या ध्यानातच आलं नाही. आता तुळसाने विचारलं आणि त्याला बाप दिसला, गोळी बोटांत धरून बसलेला.

तो कांबळं टाकून धावत सुटला. कातळ तापला होता, काजूच्या मोहोराचा वास नाकात भरत होता, पाय कुठे पडतात ते कळत नव्हतं. खाली हाकारे डबे बडवत होते. मग बार झाला. हरिश्चंद्र जागीच उभा राहून दुसऱ्या बाराची वाट बघू लागला. तो झाला नाही. कुणीतरी ओरडलं, "लागलो, पण पडूक नाय."

तो शेताच्या मेरेवरून, बांधावरून उतरला तेव्हा लवू जांभळीखाली होता, बंदूक खांद्याला. समोर करवंदीच्या जाळीत डुक्कर फुरफुरत उभा, खांद्यातून रक्त गळत होतं. हरिश्चंद्र नेमका जाळीच्या तोंडासमोर आला.

"लवू, डावी ओढू नको."

"दादा, सर बाजूक."

"ओढू नको. तिच्यात माजी गोळी आसा."

लवूचं तोंड कडू झालं. "हयसरय मुंडीच बघतंस?"

"मुंडी तूच घे रे. ती गोळी तोंडातसून भायर येवची नाय. बापाशीन सांगलेला आठव."

जाळी हलली. लवूचं बोट चापावर होतं. त्याने थोरल्या भावाकडे एकदा बघितलं आणि बोट काढलं. डुक्कर सुटला. लवू बंदूक उलटी धरून दस्त्याने हाणत पुढे धावला, मागून धोंडूची कुऱ्हाड आली. डुक्कर पडला. पण तोवर त्याच्या सुळ्याने हरिश्चंद्राची मांडी उकलली होती.

लवूने त्याच्या मांडीला आपलं मुंडासं आवळून बांधलं. माणसं डोली करेपर्यंत त्याने डावं काडतूस काढलं, मेण खरवडलं, गोळी नळीच्या तोंडावर ठेवली. ती आत गेली नाही. तिथेच बसून राहिली.

"बघितलंस?" हरिश्चंद्र म्हणाला.

डोली कसालच्या दवाखान्याच्या वाटेला लागल्यावर लवू म्हणाला, "मी आधी तुजीच नळी ओढलंय, दादा. तुजे व्याही येतले म्हणान."

हरिश्चंद्राने डोळे मिटून घेतले.

डुकराच्या अंगात एकच गोळी निघाली, उजव्या नळीची. कसालकडची बातमी यायच्या आधीच पंचांनी मुंडी हरिश्चंद्राच्या अंगणात आणून ठेवली. मान त्याचाच होता.

हरिश्चंद्र १९५८ साली, होळीच्या आदल्या दिवशी, कसालच्या अलीकडे डोलीतच वारला. त्याला मुलगा नव्हता. अग्नी लवूने दिला, दोन्ही हातांनी.