सोफ्यांखाली गेलेलं हसू

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि मला जे सांगायचं आहे ते मी गोड करून सांगणार नाही.

माझ्या पोटात एक लाख चाळीस हजार फोटो आहेत. त्यांतला एकही मी पाहिलेला नाही. हसू नका. माझ्या आत गुळगुळीत तबकड्या गरागरा फिरतात आणि त्यांच्या अगदी जवळून एक बारीक दांडी सरकत राहते. माझ्यासाठी नवरीमुलगी आणि छताचा पंखा दोन्ही सारखेच, नुसते आकडे. कुठल्या फोटोत काय आहे, हे मला माणसांच्या बोलण्यावरून कळतं. म्हणून मी ऐकते. मला ऐकायची खोडच आहे.

ज्या कारखान्यात मी तयार झाले तिथे सगळे पांढरे झगे घालून वावरायचे, कारण धुळीचा एक कण आत गेला असता तरी मी जन्मतःच मेले असते. इतकी जपलेली मी! आणि मालकांनी पहिल्याच आठवड्यात मला चहाच्या कपावर झाकण म्हणून ठेवलं.

माझे मालक फोटोग्राफर. फोटो अंधाऱ्या खोलीत, पाण्यात धुऊन काढत, त्या काळापासूनचे. स्टुडिओत त्यांचा मोठा कॉम्प्युटर होता. घरी लॅपटॉप होता, तो त्यांच्या बायकोचा. या बाई तीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये होत्या. निवृत्त झाल्यावर कुणालाही न विचारता, रोज दुपारी खटपट करून त्या फोटो सुधारायला शिकल्या. मला त्यांचा अभिमान होता. अजूनही आहे, हे आधीच सांगून ठेवते.

स्टुडिओत फोटो काढायचे, कॅमेऱ्याच्या कार्डावरून माझ्यात भरायचे, कार्ड पुसून पुढच्या कामाला लावायचं. मग मी घरी जायची. बाई मला लॅपटॉपला जोडून फोटो उजळ करायच्या, वाकडे असतील ते सरळ करायच्या. दुसऱ्या दिवशी मी परत स्टुडिओत. यातली एक गंमत मला फार आवडायची. बाई कितीही बदल करोत, मूळ फोटो जसाच्या तसा राही. ‘इथे उजेड वाढव, तिथे कड काप’ अशी नुसती यादी माझ्यात वेगळी लिहिली जाई. मी विचार करत बसे, की माणसांनाही अशी सोय असेल का?

दुसरी गंमत म्हणजे भांडणं. एकच फोटो दोन्हीकडे वेगवेगळ्या रंगांत दिसायचा.

“अगं, या माणसाला काय पिवळाधमक करून ठेवलायस?”

“माझ्याकडे बरा दिसतो. तुमच्याच कॉम्प्युटरला कावीळ झालीय.”

“फोटोत चाळीस वर्षं घातलीत मी.”

“घातलीत ना? मग आता चष्म्याचा नंबर वाढवा.”

एका मंगळवारी स्टुडिओत एक मावशी आल्या. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायच्या. गावाला आवाज ओळखीचा, चेहरा कुणालाच माहीत नाही. गुरुवारी सकाळी त्यांच्या जबड्याचं ऑपरेशन होतं. डावीकडचं हाड काढणार होते.

“डॉक्टर म्हणाले, तोंड आधीसारखं राहणार नाही,” मावशी म्हणाल्या. “म्हणून आताचं काढून ठेवा. हसतानाचं हवं. नंतर म्हणे हसता येईल, पण वाकडं.”

आता असं सांगितल्यावर कुणाला हसू येतं? मालकांनी त्रेपन्न फोटो काढले. सगळे गंभीर. मालक पोरकट तोंडं करून दमले. शेवटी कोपऱ्यात बसलेले मावशींचे यजमान उठले, नाक चिमटीत धरलं आणि बायकोच्या आवाजात ओरडले, “प्रवाशांनी लक्ष द्यावे! आमच्या घरची गाडी गेला अर्धा तास तोंड बंद करून उभी आहे! असे पूर्वी कधीही घडलेले नाही!”

मावशी अशा हसल्या की माझ्याखालचं टेबल हललं. मालकांनी खटाखट अकरा फोटो घेतले.

चौसष्ट फोटो माझ्यात आले. कार्ड पुसलं गेलं. संध्याकाळी बाई बाजारातून जाताना मला न्यायला आल्या, तेव्हा मालक गिऱ्हाइकांत अडकले होते. एरवी ते काम तोंडी सांगत. त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: ‘मावशींचे चौसष्ट. साफ करून ठेव.’

मित्रांनो, हा एक शब्द नीट ऐका. फोटो धुणाऱ्या माणसाच्या लेखी साफ करणं म्हणजे बारीक ब्रश घेऊन फोटोवरचे डाग, धूळ, ओरखडे काढणं. रेकॉर्डरूममधल्या बाईच्या लेखी साफ करणं म्हणजे कपाट रिकामं करणं.

बुधवारी दुपारी बाई स्वतःशीच पुटपुटल्या, “एकाच बाईचे चौसष्ट? बरोबर आहे, जागा कुठे उरलीय!” त्यांनी चौसष्टच्या चौसष्ट काढून टाकले. कामाच्या इतक्या पक्क्या, की कचरापेटीसुद्धा रिकामी केली.

आता यातलं खरं गुपित मलाच ठाऊक होतं. फोटो माझ्यातून गेले नव्हते. माझ्या यादीतून फक्त त्यांची नावं खोडली गेली होती. फोटो जागच्या जागी पडून होते. पण ती जागा आता मोकळी धरली जाणार होती. पुढे कुणी काही भरलं, तर ते त्यांच्या उरावर बसणार. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पण माझ्याकडे फक्त एक निळा दिवा आहे. तो मी लुकलुकवला. तो तर मी नेहमीच लुकलुकवते.

गुरुवारी सकाळी मालकांनी मला जोडलं आणि एका फर्निचरच्या दुकानाचे दोनशे फोटो माझ्यात ओतले. सगळे सोफे. एकेक सोफा येऊन बसत होता आणि खाली कुणाचं काय चिरडतंय हे मला एकटीलाच कळत होतं.

दुपारी मालकांनी मावशींचे फोटो शोधले. मग घरी फोन लावला.

“अगं, मावशींचे फोटो कुठायत?”

“केले की साफ.”

“हो, पण आहेत कुठे?”

“साफ केल्यावर कुठे असणार? गेले.”

“गेले? अगं, डाग काढ म्हणून सांगितलं होतं मी!”

“मग डाग काढ असं लिहायचं! तीस वर्षं साफ म्हणजे साफच करत आले मी.” मग आवाज उतरला. “तुमच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असतील ना पण?”

“माझ्याकडे कुठून? मला वाटलं, लॅपटॉपवर एक प्रत असतेच.”

“मला वाटलं, तुमच्याकडे असते.”

दोन कॉम्प्युटर, दोन शहाणी माणसं, आणि सहा वर्षांत एकानेही एकदा विचारलं नव्हतं. दोघंही बघत होती ती मलाच. एकाच खोलीला दोन दारं, आणि यांना वाटे आपल्या दोन खोल्या आहेत. तिकडे त्या वेळी मावशी अजून ऑपरेशनच्या टेबलावरच होत्या. पुन्हा बोलावून फोटो काढायची वेळ टळून गेली होती.

मला एका दुरुस्तीवाल्या ताईंकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “फोटो गेल्यावर हिच्यात काही भरलंत?”

“सोफे,” मालक म्हणाले.

“कोण?”

“सोफे हो, बसायचे.”

ताई दोन दिवस माझ्या तबकड्या चाचपत होत्या. त्रेपन्न फोटो परत मिळाले. जे मिळाले नाहीत ते कुठले, हे तुम्ही ओळखलं असेलच. हसण्याचे अकराही फोटो सोफ्यांखाली गेले होते. पण मालकांनी मंगळवारी फोटो एकदा उघडून पाहिले होते, तेव्हा मोठ्या कॉम्प्युटरने स्वतःच्या सोयीसाठी नखाएवढ्या छोट्या प्रती करून ठेवल्या होत्या. ताईंनी त्या शोधून काढल्या.

तीन आठवड्यांनी मावशी आल्या. शब्द एका बाजूने निसटत होते. मालकांनी काहीही लपवलं नाही. बाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “चूक माझीपण आहे, मावशी.”

मावशींनी त्रेपन्न मोठे फोटो बाजूला सारले. मालकांनी छापून ठेवलेला हसण्याचा नखाएवढा फोटो हातात घेतला.

“मोठा नाही का होत?”

“केला तर नुसते ठोकळे दिसतात,” मालक म्हणाले.

“या मोठ्या फोटोंतले डोळे सुंदर आलेत बघ,” यजमान समजूत काढायला गेले.

“डोळे मला अजून आहेत,” मावशी म्हणाल्या. “मला तोंड हवं होतं.”

मावशींनी तो फोटो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि यजमानांचा हात धरून त्या जिना उतरल्या.

मित्रांनो, आज घरी गेलात की मोठ्या माणसांना विचारा, आपले फोटो किती ठिकाणी आहेत? ‘दोन कॉम्प्युटर आहेत की’ असं म्हणाले तर सोडू नका. कॉम्प्युटर मोजू नका, प्रती मोजा. बोटांवर मोजायला लावा. एकच बोट वर आलं, तर त्यांना उठवा आणि तुमच्यासमोर दुसरी प्रत करायला लावा. रागावतील. रागावू द्या.